कुरकुर की गाऱ्हाणे?

एक माजी विद्यार्थी, वासोणा (सिल्वासा)

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी काही लिहून पाठवा, असे संपादक मंडळाचे पत्र येऊन दीड महिना झाला होता. माझ्याकडून उत्तर गेले नाही. मग दुसरे पत्र आले. मराठी विभागाच्या विद्यार्थी-संपादकाने त्यात नम्रपणे विचारले होते, "आपण आमच्यावर नाराज आहात काय?"

मी नाराज नव्हतो. नुसता आळशी होतो. पण त्या प्रश्नाने मला कामाला लावले. त्याने 'रागावलात काय' असे विचारले नाही, 'रुसलात काय' असेही विचारले नाही. पहिला शब्द वडीलधाऱ्या माणसाशी बोलताना त्याला जड वाटला असेल, दुसरा फार सलगीचा वाटला असेल. म्हणून त्याने मधला, इस्त्री केलेला शब्द उचलला. त्याची निवड बरोबरच होती. पण पत्र बाजूला ठेवताना मनात आले, हल्ली आपण सगळीकडे हा एकच शब्द चालवतो. आमदार नाराज, सासूबाई नाराज, सामना हरला म्हणून प्रेक्षक नाराज, शिधा मिळाला नाही म्हणून गरीबही नाराजच! जिथे हा शब्द पुरत नाही तिथे एकदम शिवी. मोबाईलवर तर तेवढेही कष्ट नकोत. लाल रंगाचा एक चेहरा दाबला की आपला संताप पोहोचला. नाराजी आणि शिवी यांच्यामधले आपले शब्द गेले कुठे? आणि ते गेले तर आपले नेमके काय गेले? त्याविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

मी राहतो ते वासोणा गाव सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सहलीला येणाऱ्यांना ते सिंहांच्या सफारीमुळे ठाऊक असते. एका अंगाला गुजरातचा वलसाड जिल्हा, दुसऱ्या अंगाला महाराष्ट्राचा पालघर जिल्हा, आणि मध्ये हा ४९१ चौरस किलोमीटरांचा दादरा व नगर हवेलीचा मुलूख. १९५४ पर्यंत इथे पोर्तुगिजांचा अंमल होता. १९६१ साली हा प्रदेश रीतसर भारतात सामील झाला. २०२० पासून दमण-दीवसह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. इथल्या बाजारात गुजराती, मराठी आणि हिंदी तर कानांवर पडतेच, शिवाय वारली, कोकणा, धोडिया लोकांच्या बोलीही ऐकू येतात. कारखान्यांमुळे उत्तरेकडून आणि ओडिशातून आलेली माणसे आपापल्या भाषा घेऊन आली आहेत. आपल्या सीमाभागात मी मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांत रागावत वाढलो. इथे आल्यावर कळले की माणसाला पाच-सहा भाषांत रागावता येते, आणि तितक्याच भाषांत गैरसमजही करून घेता येतो.

पहिला गैरसमज घरमालकांशी झाला. ते वृद्ध गुजराती गृहस्थ. भाडे वाढवत असल्याचे त्यांनी सांगितले आणि अगदी हळुवारपणे म्हणाले, "भाई, खोटुं न लगाडता." मी चमकलो. "काका, मी खोटं कशाला लावू? भाडं दर महिन्याला वेळेवर देतो." ते हसू लागले. गुजरातीत 'खोटुं लागवुं' म्हणजे वाईट वाटणे. ते बिचारे मला 'वाईट वाटून घेऊ नका' म्हणत होते, आणि मी खोटेपणाचा आळ आला म्हणून सफाई देत होतो!

दुसरा प्रसंग एका कचेरीतला. खिडकीपाशी जाऊन मी शांतपणे म्हणालो, "मला तक्रार करायची आहे." खिडकीमागच्या माणसाचा चेहराच बदलला. नंतर उलगडा झाला. गुजरातीत 'तकरार' म्हणजे भांडण. आपण ज्याला तक्रार म्हणतो तिला ते 'फरियाद' म्हणतात. मी सभ्यपणे येऊन 'मला तुमच्याशी भांडायचे आहे' असे सांगत होतो. आपल्याकडच्या कन्नडमध्येही 'तकरारु' आहे, पण त्याचा रोख हरकतीकडे, वादाकडे; साध्या तक्रारीला तिथे 'दूरु' हा शब्द आहे. गंमत अशी की या शब्दाचा मूळ अरबी अर्थ भांडणही नाही आणि गाऱ्हाणेही नाही. मूळ अर्थ आहे पुनरावृत्ती, पुन्हा पुन्हा करणे. एकदा सांगितले तर ती तक्रार नव्हेच. पुन्हा सांगावे लागते तेव्हा ती तक्रार होते. हा अर्थ वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे मला त्याची गरज पडणार आहे.

तिसरा शब्द 'निषेध'. सीमाभागातल्या आपण सर्वांनी हा शब्द भिंतींवर वाचत वाचतच अक्षरे गिरवली. पण कन्नडमध्ये निषेध म्हणजे बंदी, मनाई. हिंदीतही तेच, आणि संस्कृतातही तेच. बसमधली 'धूम्रपान निषेध' ही हिंदी पाटी पहिल्यांदा वाचणाऱ्या मराठी मुलाला वाटते की बसवाले विडी-सिगारेटीचा जाहीर निषेध करीत आहेत. मनाई तो करू शकतो, ज्याच्या हातात सत्ता असते. मराठी माणसाने तोच शब्द घेतला आणि त्याचा अर्थ केला: तुमचे करणे आम्हांला मान्य नाही, ते थांबवण्याची ताकद आमच्यात नसेल, पण मान्य नाही हे आम्ही बोलून दाखवणार. सत्ताधाऱ्याचा शब्द सत्ता नसलेल्यांच्या हातात आला. मला हा आपल्या भाषेचा एक लहानसा पराक्रम वाटतो.

आता 'राग' हा शब्दच पाहा. संस्कृतात राग म्हणजे रंग, लाली, प्रीती. अनुराग या शब्दात ती प्रीती अजून टिकून आहे. कन्नडमध्ये राग म्हटले की गाणे आठवते. संतापाला तिथे 'सिट्टु' किंवा 'कोप'. मराठीने मात्र प्रेमाच्या लालीतून संतापाची लाली काढली. आणि 'लोभ' हा शब्द, जो संस्कृतात षड्रिपूंपैकी एक, तो आपण प्रेमाच्या जागी नेऊन बसवला. जुन्या पत्रांच्या शेवटी 'लोभ असावा ही विनंती' असे लिहीत, ते काही हाव असावी म्हणून नव्हे. राग आणि लोभ या दोन शब्दांनी मराठीत आपसांत घरे बदलली आहेत. रागलोभ असा जोडशब्दही आपण करतो. ज्याच्यावर लोभ आहे त्याच्यावरच राग यायचा, हे शहाणपण त्यात आहे.

शिवाय आपण राग 'करतो' त्यापेक्षा तो आपल्याला 'येतो' हे अधिक. 'मला राग आला.' पाहुणा यावा तसा तो येतो. कन्नडमध्येही 'ननगे सिट्टु बंतु', म्हणजे शब्दशः 'मला राग आला'. एरवी कशावर एकमत न होणाऱ्या या दोन भाषा इथे एकाच ओट्यावर बसल्या आहेत! पण रुसण्याचे तसे नाही. 'मला रुसणे आले' असे कोणी म्हणत नाही. रुसतो तो मी स्वतः रुसतो, ठरवून रुसतो. तीच गोष्ट रागावण्याची. राग येणे आपल्या हाती नसते. रागावणे, रुसणे, निषेध करणे हे आपले काम असते. मराठी व्याकरणाने ही जबाबदारी किती चोख वाटून दिली आहे!

दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड चाळले तर या विषयाच्या शब्दांची मोजदाद करता करता दमछाक होते. आपला राग सर्व शरीरभर फिरतो. कपाळाला आठ्या पडतात, भुवया चढतात, डोळे वटारले जातात, नाक मुरडले जाते, तोंड फुगते, दातओठ खाल्ले जातात, पित्त खवळते आणि तळपायाची आग मस्तकात जाते. तिथून तो स्वयंपाकघरात शिरतो. अंगाचा तिळपापड होतो, अंगाची लाही होते, मनात काहीतरी खदखदते. कोणी धुमसतो, कोणी तणतणतो, कोणी फणफणतो, कोणी चरफडतो. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. तणतणणारा माणूस घरभर ऐकू येतो. चरफडणारा कोणालाच ऐकू येत नाही. धुमसणाऱ्यापासून मात्र सावध राहावे.

हे सगळे शब्द किती सुंदर आहेत, असे म्हणून मला इथेच थांबता आले असते. मराठीच्या श्रीमंतीवर असे लेख पुष्कळ येतात. पण या शब्दांकडे जरा निरखून पाहिले तर त्यांत एक उतरंड दिसते, आणि ती तितकीशी सुंदर नाही.

देव रागावला की त्याला कोप म्हणतात. राजा रागावला की खप्पामर्जी, सरदार रागावला की इतराजी. न्यायालय ताशेरे ओढते, सरकार तीव्र नापसंती दर्शविते, साहेब नाराजी व्यक्त करतात. या शब्दांना वजन आहे, पागोटे आहे. आता खाली या. सून रागावली की तो फणकारा किंवा आदळआपट. बायको दोनदा बोलली की कटकट, तिसऱ्यांदा बोलली की भुणभुण. मूल किरकिर करते, म्हातारा पिरपिर करतो आणि कामगार कुरकुर करतात. 'शिपायाची खप्पामर्जी झाली' असे कोणी ऐकले आहे काय? 'साहेब कुरकुर करीत होते' असे वर्तमानपत्रात कधी छापून येते काय? रागाचे कारण तेच असेल, रागाची मात्राही तीच असेल. तरी बोलणारा कोणत्या पायरीवर उभा आहे, त्यावर त्याच्या रागाचे नाव ठरते.

खालच्या पायरीवरचे हे शब्द आले कुठून तेही पाहा. कुरकुरते ती वहाण, खाट, बैलगाडी. किरकिरतो तो रातकिडा. भुणभुणते ती माशी. म्हणजे दुबळ्या माणसाच्या तक्रारीला आपण किड्याचा किंवा लाकडाचा आवाज म्हणतो. आवाजाला अर्थ नसतो. त्याला उत्तर द्यायचे नसते. तो बंद करायचा असतो.

माझ्या सर्व म्हणण्याचे मर्म इथे आहे. मराठीतल्या नाराजीच्या जुन्या, भल्या शब्दांना प्रत्येकी एक जोडीदार शब्द आहे, आणि तो ऐकणाऱ्याच्या वाट्याचा आहे. रुसवा असेल तर समजूत असते. जो रुसतो त्याची मनधरणी कोणीतरी करायची असते. फिर्याद असेल तर दाद असते. दाद म्हणजे मूळ फारसीत न्याय. आपण न्यायासाठी दाद मागतो आणि गवयाने चांगली जागा घेतली की त्यालाही दाद देतो. दोन्हीकडे अर्थ एकच: तुझे माझ्यापर्यंत पोहोचले. निषेध असेल तर त्याची दखल असते. गुजरातीने तर 'रिसामणां-मनामणां' असा जोडशब्दच करून ठेवला आहे. रुसणे आणि मनवणे एका श्वासात. कन्नडमधल्या 'मुनिसु' या गोड शब्दातही समोरच्याने येऊन समजूत काढावी ही वाट पाहणे आहे.

कोकणात आणि गोव्यात देवापुढे गाऱ्हाणे घालतात. गाऱ्हाणे म्हणजे तक्रारही आणि प्रार्थनाही. त्या लोकांना यात दोन अर्थ दिसतच नाहीत. एकजण गावाच्या वतीने देवाला सांगतो, अमक्याची पीडा दूर कर, तमक्याचे भले कर, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेली मंडळी एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" त्या होकाराशिवाय गाऱ्हाणे पुरे होत नाही. बोलणारा एक आणि होकार देणारे अनेक, तेव्हा ते गाऱ्हाणे.

कुरकुरीला, किरकिरीला, भुणभुणीला असा जोडीदार कुठे आहे? शोधून पाहा. 'गप्प बस' याखेरीज दुसरे उत्तर सापडणार नाही.

आपल्या सर्वांत मोठ्या तीर्थक्षेत्राची कथा आठवा. द्वारकेत कृष्णाजवळ राधा बसलेली पाहून रुक्मिणी रुसली आणि दिंडीरवनात निघून आली. तिची समजूत काढायला देव मागोमाग आला, आणि पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला तो आजतागायत उभाच आहे. रुक्मिणीचे मंदिर पंढरपुरात आजही वेगळे आहे. म्हणजे वारीची ही सारी परंपरा एका स्त्रीच्या रुसण्यातून उगवली, असेच लोककथा सांगते. त्या रुसण्याला 'आदळआपट' म्हणून देव द्वारकेतच बसून राहिला असता तर? ज्या विठ्ठलाला आपल्या संतांनी कानडा म्हटले आणि कन्नड हरिदासांनीही आपला मानला, तो विठ्ठल मुळात समजूत काढायला आलेला देव आहे. म्हणूनच की काय, जनाबाई त्याला एकेरीत खडसावू शकली, तुकोबा त्याच्याशी भांडू शकले, आणि पुरंदरदासांच्या परंपरेत निंदास्तुती असा पदांचा प्रकारच होऊन बसला. ऐकणारा आहे ही खात्री असली की बोलणाऱ्याची भीड चेपते.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगावी की न सांगावी, याचा विचार करण्यातच वर सांगितलेला दीड महिना गेला.

मी इथे धाग्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात होतो. हजेरी मांडणे, रजेचे अर्ज लावणे, पाळ्यांचे कागद करणे, हे माझे काम. धाग्याला पीळ देणाऱ्या यंत्रांचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला तो सांगून समजणार नाही. तिथे शेजारी उभ्या माणसाशी बोलायचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. खानवेलकडच्या एका पाड्यावरचा वारली तरुण त्या खात्यात होता. एके दिवशी तो माझ्या टेबलाशी आला आणि आपल्या बोलीत, कानावर तळहात ठेवून, काही सांगू लागला. वारली बोली मराठीला जवळची. निम्मे मला कळले. कानात सारखा आवाज राहतो, रात्री झोप लागत नाही, दुसरे काम द्या, असा त्याचा आशय होता. मी म्हणालो, "बघू." आठवड्याने तो पुन्हा आला. मी पुन्हा म्हणालो, "बघू." तिसऱ्यांदा आला तेव्हा महिनाअखेरीचे काम होते आणि माझे डोके फिरले होते. मी म्हणालो, "काय रे, सारखी कुरकुर लावली आहेस!"

तो काही बोलला नाही. त्या खात्याच्या मुकादमांना मराठी येत नव्हते. त्यांनी मला विचारले, हा काय म्हणतो? मी सांगितले, काही नाही, काम टाळायला बघतो आहे. आणि त्याच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने लिहिले: 'कामाबाबत कुरकुर करतो.' तीन दिवसांनी तो यायचा बंद झाला. मग त्याच रकान्यात मी लिहिले: 'न सांगता गैरहजर.'

न सांगता! तीनदा सांगून गेलेल्या माणसाच्या नावापुढे मी 'न सांगता' लिहिले.

पुढे वर्षभराने खानवेलच्या बाजारात तो मला दिसला. मी मागून त्याला नावाने हाक मारली. त्याने वळून पाहिले नाही. वाटले, राग धरून आहे, आणि तो धरावा हे योग्यच आहे. मी पुढे होऊन त्याच्या समोर उभा राहिलो, तेव्हा तो ओळखीचे हसला. मी काही बोललो, तशी त्याने मान फिरवून दुसरा कान माझ्याकडे केला. तो रुसला नव्हता. त्याला ऐकूच आले नव्हते.

मी काय बोललो ते मला आज आठवत नाही. आठवतो तो त्याने पुढे केलेला कान.

त्याच्या कानाचे जे झाले ते यंत्राने केले, हे खरे. पण तीन वेळा त्याने जे सांगितले त्याला तीनदा ऐकलेले गाऱ्हाणे म्हणायचे की कुरकुर म्हणायचे, हे माझ्या हातात होते. तिथे त्याची भाषा समजणारा मी एकटाच होतो. मी 'तक्रार' असा शेरा लिहिला असता तर कदाचित कोणी विचारले असते, कसली तक्रार? कुरकुरीबद्दल कोण विचारतो! एका शब्दाने दार उघडते आणि दुसऱ्याने बंद होते, हे मी त्या बाजारात शिकलो. मराठी घेऊन पदवी मिळवताना शिकलो नव्हतो.

कोणी म्हणेल, शब्द बदलून काय होते? कुरकुर म्हणा की तक्रार म्हणा, ऐकायचे नसेल त्याला ऐकायचे नाहीच. हा आक्षेप खोटा नाही. आणि 'जाहीर निषेध' हा शब्दही आपण इतका वापरला की तो आता पत्रकावर छापण्यापुरता उरला आहे, हेही मला मान्य आहे. पण शब्दाने काय होते याची दोन उदाहरणे आपल्याच इतिहासात आहेत.

व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० साली हिंदुस्थानातल्या अस्वस्थतेवर पुस्तक लिहिले आणि तिचा जनक म्हणून टिळकांकडे बोट दाखवले. तो आरोप होता. टिळकांनी त्याच्यावर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला, आणि १९१९ साली ते तो दावा हरले. पण मराठी माणसाने 'असंतोषाचे जनक' ही त्यांची पदवी केली. कोर्टात जो आरोप होता तो घराघरांत सन्मान झाला. त्याच टिळकांच्या 'केसरी'ने जुलै १८९७ मध्ये सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय, असा मथळा दिला होता. हा प्रश्न काही राजकारणातला नव्हे. आई मुलाला विचारते, बायको नवऱ्याला विचारते, तो घरातला प्रश्न त्यांनी उचलून साम्राज्याला विचारला. वरच्याने खालच्याला विचारायचा प्रश्न खालच्याने वरच्याला विचारला, यातच त्याची सारी ताकद होती.

दुसरे उदाहरण इथून जवळचे. तलासरी भागातल्या झरी गावी १९४५ च्या मे महिन्यात वारली शेतकऱ्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेतर्फे ती भरवली होती. सावकार-जमीनदारांची वेठ पिढ्यान्‌पिढ्या उपसणारी ही माणसे मनात चरफडत नव्हती असे कोण म्हणेल? पण चरफडण्याला साक्षीदार नसतो. त्या परिषदेत त्यांनी सर्वांसमोर ठरवले की यापुढे वेठ करायची नाही. जे आजवर एकेकट्याची कुरकुर म्हणून दाबले जात होते ते हजारोंच्या तोंडून एकाच वेळी आले आणि त्याचा ठराव झाला. पुढे त्यांच्यावर गोळ्याही चालल्या, पण वेठ गेली ती गेलीच. गोदावरीबाईंनी ही हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या १९७० सालच्या पुस्तकात लिहिली आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते असेल. नसेल तर मागवावे. मी मात्र ते वाचूनही, वारल्यांच्याच मुलखात बसून, एका वारली मुलाच्या नावापुढे 'कुरकुर' लिहिले. पुस्तक वाचणे आणि माणसाचे ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विद्यार्थी मित्रांना उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही, हे वरच्या हकिकतीवरून त्यांच्या लक्षात आले असेलच. तरी दोन विनंत्या कराव्याशा वाटतात.

एक, स्वतःच्या नाराजीला तिचे खरे नाव द्या. वैताग आला असेल तर संताप म्हणू नका. वाईट वाटले असेल तर राग आला म्हणू नका. मित्राशी रुसला असाल तर रुसलो म्हणा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ज्याला 'मला वाईट वाटले' एवढे साधे वाक्य वेळेवर म्हणता येते त्याला पुढे शिवी शोधावी लागत नाही. ज्याला ते म्हणता येत नाही तो एक तर धुमसत राहतो, नाही तर एके दिवशी भलत्याच माणसावर फुटतो.

दुसरी विनंती अधिक महत्त्वाची. तुमच्यातले काहीजण उद्या शिक्षक होतील, काही कारकून, काही मुकादम, काही साहेब, आणि जवळजवळ सगळेच कोणाचे तरी नवरे, बायका, आईबाप होतील. तुमच्या हातातही एक शेऱ्याचा रकाना येईल. कागदावर नसला तरी मनात असेल. समोरचे माणूस तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागले आणि तुमच्या ओठांवर 'कटकट', 'पिरपिर', 'कुरकुर' यांपैकी एखादा शब्द आला, तर क्षणभर थांबा. तक्रार या शब्दाचा मूळ अर्थच पुन्हा पुन्हा सांगणे असा आहे, हे आठवा. तुमच्याकडे त्याच्या प्रश्नाचे उत्तर नसेल. माझ्याकडेही नव्हते, यंत्र बंद करण्याचा अधिकार काही टाइम ऑफिसाला नसतो. पण ऐकले एवढे म्हणता येते, आणि ऐकले तसे लिहिता येते.

या अंकाच्या एका अंगाला मराठी विभाग असतो आणि दुसऱ्या अंगाला कन्नड. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा आपापला विभाग वाचून अंक मिटवून ठेवत असू. तिकडे शेजाऱ्याने काय गाऱ्हाणे मांडले आहे, कशावर त्याचे मुनिसु आहे, हे पाहण्याची तसदी आमच्यातल्या फार थोड्यांनी घेतली. दोन्ही भाषा येत असूनही. आताचे विद्यार्थी पाने उलटून तिकडेही डोकावत असतील अशी आशा आहे.

संपादक मंडळाला उत्तर: मी नाराज नाही. लेखाला उशीर झाला याबद्दल आपण मात्र रागावला असाल तर तो राग रास्त आहे, आणि तो मला स्पष्ट शब्दांत कळवावा. आज ना उद्या निवळेल. लोभ असावा.